वीस अंशांवरचा घोट

समितीने दोनदा आमच्या तोंडाला पानं पुसली, आणि दोन्ही वेळा दोष तिसऱ्या मजल्याचा होता.

सभेचं दालन तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट वर्षभर बंद. समितीत सात सदस्य, त्यातले चौघे साठीच्या पुढचे. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश, गुडघेदुखीवाले. एकूण बहात्तर पायऱ्या (मी मोजल्या आहेत) चढून हे सातजण धापा टाकत दालनात आले की समोर पेयकंपनीचे विक्रीप्रमुख बर्फाची पेटी उघडून उभे. पेटीत त्यांचं केशरी पेय, बाहेरून दव धरलेल्या बाटल्या. "आधी चव घ्या, मग बोलू. सदस्यांनी स्वतः ठरवावं," असं ते म्हणायचे. सदस्य एका दमात बाटली रिकामी करायचे, डोळे मिटायचे, आणि मग अध्यक्ष म्हणायचे, "खरं सांगू का, इतकं काही गोड वाटत नाही."

त्यानंतर मी उभी राहून सांगायचे की शंभर मिलिलिटरला साखर ११.२ ग्रॅम आहे, म्हणजे तीनशेच्या बाटलीत आठ चमच्यांहून जास्त. पण ज्याच्या घशाखाली नुकतंच काहीतरी गार उतरलंय, त्याला दशांशचिन्ह ऐकू येत नाही. विषय 'अधिक अभ्यासासाठी' पुढे ढकलला जायचा.

मी सरकारी प्रयोगशाळेत पेयं तपासते. नमुना येतो, आम्ही मोजतो, आकडा लिहितो, शिक्का मारतो. आमच्या प्रमुखांना सगळे बाई म्हणतात. बाईंनी तीन वर्षांपूर्वी एका वाक्याचा नियम समितीच्या मंजुरीसाठी लिहिला होता: शंभर मिलिलिटरला पाच ग्रॅमपेक्षा जास्त साखर असलेलं पेय शाळेच्या कँटीनमध्ये विकू नये. कंपनीचं म्हणणं, पाचाऐवजी बारा करा. बाराच का, हे कुणी विचारलं नाही. बाटलीत ११.२ होते, एवढंच.

तिसरी बैठक शेवटची होती. त्यानंतर समितीची मुदत संपत होती आणि हे भिजत घोंगडं कपाटात जाणार होतं.

घरी माझी वेगळीच बैठक चालायची. मी ताईकडे राहते. तिची मुलगी टिकली सात वर्षांची. गेल्या महिन्यात तिच्या दोन दाढा काढाव्या लागल्या, आणि त्या दुधाच्या असल्या तरी तिचं ओरडणं दुधाचं नव्हतं. ती रोज मधल्या सुट्टीत कँटीनमधलं तेच केशरी पेय प्यायची. डबा भरलेलाच घरी परत यायचा, ओठ मात्र केशरी असायचे.

"तू दिवसभर ते मोजतेस," ताई म्हणाली, "आणि ही दिवसभर ते पिते. कुणाचं काम जास्त चाललंय?"

"माझं," टिकली गाल धरून म्हणाली. दुखत असलं तरी तिला स्पर्धा कळते.

"बंद का नाही करत देणं?" मी ताईला विचारलं.

"मी कुठे देते? आजूबाजूच्या एकोणतीस जणांच्या हातात असते. मी हिला पाण्याची बाटली देते, ती ही दुसऱ्याच्या घोटावर बदलून घेते."

याचं उत्तर कँटीनच्या दारातच मिळू शकत होतं, आणि ते दार तिसऱ्या मजल्यावरूनच बंद होणार होतं.

दुसऱ्या बैठकीच्या शेवटी समितीतल्या दातांच्या डॉक्टरांनी एक बारीक मुद्दा काढला. पेय कंपनीनेच आणायचं आणि कंपनीनेच वाढायचं, हे बरं दिसत नाही. चव घ्यायचीच असेल तर प्रयोगशाळेतल्या सीलबंद साठ्यातून घ्या. अध्यक्ष न्यायाधीश होते. त्यांना सील हा शब्द आवडतो. त्यांनी तसं लिहून घेतलं. विक्रीप्रमुखही हसत हो म्हणाले. बाटली तीच, पेय तेच, त्यांचं काय जाणार होतं?

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला बोलावलं. बाई कधी आवाज चढवत नाहीत. त्या चष्मा काढून पुसायला लागल्या की समजायचं, काहीतरी शिजतंय.

"बुडबुडेवालं पेय तपासायला आलं की आपण पहिल्यांदा काय करतो?"

"गॅस काढतो, बाई. रुंद भांड्यात ओतून ढवळतो, बुडबुडे संपेपर्यंत. नाहीतर यंत्रावरचा आकडा चुकतो."

"मग?"

"वीस अंशांवर आणतो."

"कुठे लिहिलंय?"

"पुस्तिकेत. प्रकरण चार, कलम दोन. कोणत्याही चाचणीआधी, असं आहे."

"आणि चव घेण्याची चाचणी कुठल्या प्रकरणात येते?"

मी पानं उलटली. "चारच. कलम अकरा."

बाईंनी चष्मा लावला. "मग मला काय विचारतेस?"

"मी काहीच विचारलं नाही, बाई."

"बरोबर. मीही काही सांगितलं नाही."

कंपनीकडून विक्रीप्रमुखांसोबत आणखी एक माणूस यायचा आणि कोपऱ्यात गप्प बसायचा. तो त्यांचा मुख्य तंत्रज्ञ, पेयाची कृती त्याचीच. कॉलेजात तो माझ्यापेक्षा तीन वर्षं पुढे होता आणि आम्ही सगळे त्याला दुरुस्ती म्हणायचो. चुकीचं विधान त्याच्या कानावर पडलं की ते दुरुस्त केल्याशिवाय त्याला श्वास घेता येत नसे. बाहेरच्या पाहुण्या प्राध्यापकांचं व्याख्यान त्याने तीनदा थांबवलं होतं. स्वतःच्या लग्नात तो फोटोवाल्याला भिंग किती अंतरावर हवं ते समजावत बसला, आणि फोटोत सगळीकडे त्याची पाठ आली.

बैठकीच्या सकाळी तो मला जिन्यात भेटला.

"दादा, आज बोलणार का?" मी विचारलं.

"मला न बोलायला सांगितलंय. विचारलं तरच बोलायचं. आणि विचारलं तरी आधी साहेबांकडे बघायचं."

"जमतं?"

"पहिल्या बैठकीत तू अकरा पूर्णांक दोन म्हणालीस. त्या खेपेचे अकरा पूर्णांक एकोणीस शतांश होते." त्याने एक पायरी सोडली. "मी गप्प बसलो. घरी जाऊन डोकं दुखलं."

मी हे कुणाला सांगितलं नाही. पण लक्षात ठेवलं.

दालनात मी आधीच टेबल मांडून ठेवलं होतं. पांढरे कागदी कप, प्रत्येकात पन्नास मिलिलिटर, कपांवर क्रमांक, मधोमध तापमापी. बाटल्यांची सीलं मी समितीच्या सचिवांसमोर फोडली होती, नोंद केली होती, सह्या घेतल्या होत्या. गॅस काढला होता. तापमापी वीस दाखवत होती. केशरी रंग मात्र तसाच होता, उलट बुडबुडे नसल्यामुळे जास्तच निरागस दिसत होता.

सदस्य आले. घाम, धापा, खुर्च्या ओढण्याचे आवाज. विक्रीप्रमुखांनी सवयीने पेटी शोधली, मग माझ्याकडे पाहून हसले. "आज पाहुणचार तुमचा."

"घ्या ना, साहेब," मी म्हणाले.

अध्यक्षांनी कप उचलला आणि तहानेने मोठा घोट घेतला.

त्यांचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही. ते न्यायाधीश होते, त्यामुळे चेहरा हलू न देण्याची त्यांना चाळीस वर्षांची सवय होती. चेहरा हलला नाही. पण कान मागे गेले. त्यांनी घोट गिळला, कप खाली ठेवला, आणि जीभ टाळूवरून सोडवायला त्यांना थोडा वेळ लागला.

"हा पाक आहे," ते म्हणाले.

"तेच पेय आहे, साहेब. सील नंबर समोर आहे."

शेजारच्या सदस्यांनी एक घोट घेतला आणि पाणी मागितलं. दुसऱ्या एका महिला सदस्यांनी कप नाकाशी नेऊन परत ठेवला. दातांच्या डॉक्टरांनी सगळं प्यायलं, कप उलटा केला, आणि शांतपणे ओठ पुसले. मुलांच्या तोंडाच्या वासावरून ही चव त्यांना बहुधा रोजच कळत असावी.

विक्रीप्रमुखांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "हे आमचं पेय नाही."

"तुमचंच आहे," माझ्या शेजारून बाई म्हणाल्या.

"नावाला आमचं असेल. पण हे असं कोमट, सपाट पाणी कोण पितं? ही चक्क थट्टा आहे. कुणीही आमचं पेय असं पीत नाही."

"पितात," दातांचे डॉक्टर म्हणाले. "सकाळी शाळेत बाटली उघडतात, दोन घोट घेतात, झाकण लावतात, दप्तरात टाकतात. मग दर तासाला एक घोट. दुपारपर्यंत गॅस गेलेला असतो आणि दप्तर गरम असतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी विचारतो. हीच चव त्यांची रोजची आहे, तुमची ती पेटीतली नाही."

अध्यक्षांनी हात वर केला. "एक मिनिट. मला एक साधी गोष्ट कळत नाही. गेल्या वेळी मी हेच प्यायलो, तेव्हा गोड लागलं नाही. म्हणजे थंड केल्यावर साखर कमी होते का?"

प्रश्न सगळ्यांना होता. पण विक्रीप्रमुख चपळ होते, आणि चपळ माणसाला गप्प राहणं जमत नाही.

"तसंच काहीसं असतं, साहेब," ते म्हणाले. "थंडीत साखर जरा बसते. विरून जाते म्हणा. म्हणूनच थंड प्यायला सांगतो आम्ही. आरोग्याच्या दृष्टीनेच."

बाईंचं पेन थांबलं. त्या मला ओळखतात. खोडून काढायला मी तोंड उघडणार असं त्यांना वाटलं असावं. मी तोंड उघडलंच, पण वेगळ्या कामासाठी. त्या दिवशी टिपणं घ्यायचं काम माझ्याकडे होतं. मी वही सरळ केली आणि सावकाश, मोठ्याने म्हणत लिहायला लागले.

"पेय थंड केल्यावर... त्यातली साखर... नाहीशी होते." मग कोपऱ्याकडे पाहिलं. "हे शास्त्रीय विधान आहे, साहेब, तर ते कंपनीच्या मुख्य तंत्रज्ञांच्या नावावर नोंदवते. ते आज हजर आहेतच."

दुरुस्तीचे कान लाल झाले.

त्याने आपल्या साहेबांकडे, विक्रीप्रमुखांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली, नाही अशी. त्याने टेबलाची कड धरली. मी पेन टेकवलं आणि त्याचं आडनाव लिहायला सुरुवात केली, पहिलं अक्षर जरा मोठं.

"नाही," तो म्हणाला.

"बस," साहेब पुटपुटले.

"नाही, साखर कुठे जाईल?" तो उभा राहिला होता. "माझ्या नावावर असलं काही जाणार नाही. साखर तेवढीच असते. थंडीत जिभेला गोडी कमी कळते, इतकंच. शिवाय गॅस टोचतो, आणि आंबटपणा आहे, तेही गोडी झाकतात. म्हणून तर जास्त घालावी लागते."

"किती जास्त?" अध्यक्षांनी विचारलं.

एव्हाना तो फळ्यापाशी पोचला होता. त्याच्या हातात खडू आला की त्याला पुढचं दिसत नाही, हे कॉलेजातही असंच होतं. त्याने एक उभी रेघ ओढली, एक आडवी, आणि त्यात टेकडीसारखी एक वक्ररेषा. "चालतं साडेचारलाही. आम्ही करून बघितलंय. चव चांगली आहे, उलट संत्रं जास्त कळतं. पण इथे बघा, अकरा पूर्णांक दोनपाशी पुन्हा मागण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त आहे."

"पुन्हा मागण्याचं म्हणजे?"

"दुसऱ्या बाटलीचं. आठ ते बारा वयोगट."

"आणि साडेचारला?"

"साडेचारला मुलांची तहान भागते," दुरुस्ती म्हणाला, "आणि मग ती थांबतात."

खडू हातात घेऊन तो आमच्याकडे वळला आणि साहेबांचा चेहरा पाहून आपण काय बोललो ते त्याला हळूहळू समजत गेलं. तरी जागेवर जाताना तो परत फिरला आणि आडव्या रेघेखाली एकक लिहून आला. ग्रॅम प्रति शंभर मिलिलिटर. एककाशिवाय आलेख तसाच सोडणं त्याला शक्य नव्हतं.

विक्रीप्रमुखांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण ते हार मानणारे नव्हते, आणि त्यांचं पुढचं बोलणं खोटं नव्हतं. कारखान्यात चारशे माणसं आहेत, ते म्हणाले. शाळा हे आमचं पाव गिऱ्हाईक. आम्ही निघालो तर कँटीनच्या दाराबाहेर कुणीतरी रंगाचं पाणी विकायला उभं राहील, त्याचा ना कारखाना, ना सील, ना या बाईंची प्रयोगशाळा. मग मोजा काय मोजायचं ते.

हे त्यांनी पहिल्याच बैठकीत म्हटलं असतं तर कदाचित जिंकले असते. अध्यक्षांनी ते सगळं नीट ऐकलं, एक-दोन प्रश्नही विचारले. दोन सदस्य त्यांच्या बाजूने बोलले. तासभर घासाघीस झाली. शेवटी मतं घेतली: चार विरुद्ध तीन. शाळेच्या कँटीनमध्ये पाच ग्रॅमची मर्यादा, पुढच्या सत्रापासून. कँटीनबाहेर काहीही बंधन नाही. बाटलीवर इशाऱ्याचा पट्टा हवा ही बाईंची दुसरी मागणी अधिक अभ्यासासाठी गेली. आणि कंपनीला सवलत अशी की नवीन कृती आणली आणि ती प्रयोगशाळेत पास झाली, तर सत्राच्या पहिल्या दिवसापासून तिला कँटीन मोकळं.

"अर्धंच मिळालं," जिना उतरताना मी बाईंना म्हणाले.

"तीन वर्षांत अर्धं. तू गणित विषय घेतला होतास ना? कर हिशोब," बाई म्हणाल्या, आणि मग चार पायऱ्यांनंतर, "त्याचं आडनाव मात्र तू फार सावकाश लिहिलंस."

"अक्षर नीट यावं म्हणून, बाई."

त्यांनी जिन्याच्या कठड्याकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते.

दुरुस्तीला कंपनीने काढलं नाही. कृती त्याच्याच डोक्यात होती, आणि डोकं काढून ठेवता येत नाही. फक्त बैठकांना पाठवणं बंद केलं. सत्र सुरू व्हायला बारा दिवस असताना तो स्वतः नमुन्यांचं खोकं घेऊन प्रयोगशाळेत आला. नवीन बाटली, जुनंच केशरी, लेबलवर ४.८.

"दोन वर्षं माझ्या खणात पडून होती ही कृती," तो म्हणाला. "आता साहेबच रोज विचारतात, झालं का, झालं का."

"माझ्यावर रागावलास?"

"तू चुकीचं वाक्य माझ्या नावावर टाकत होतीस. राग येणारच." त्याने खोकं माझ्या टेबलावर सरकवलं. "मोज."

मी सील फोडलं, गॅस काढला, वीस अंशांवर आणलं. साखर मोजायच्या यंत्राच्या काचेवर दोन थेंब टाकून डोळा लावला.

"पाच पूर्णांक चार."

"त्यात आम्लही मोजलं जातं," तो लगेच म्हणाला. "ते यंत्र विरघळलेलं सगळंच धरतं."

"माहीत आहे. लांबच्या पद्धतीने फक्त साखर मोजते. दोन तास लागतील. बसतोस?"

तो बसला. दोन तासांत त्याने आमच्या भिंतीवरच्या तक्त्यातली एक चूक काढली आणि बाईंनी ती मान्य केली. मी तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा जवळजवळ एकच आलं.

"पाच पूर्णांक एक."

त्याने माझ्या हातातून कागद घेतला. पद्धत तपासली, आकडेमोड तपासली, पहिल्यापासून परत तपासली. मला वाटत होतं, काहीतरी सापडावं. त्याने केलेल्या मदतीसाठी तरी. बाहेर कुणी एका दशांशाकडे बघत नाही; मुलाच्या जिभेला तो कळतही नाही. पण आज एक दशांश सोडला की पुढच्या खेपेला दोन मागितले जातात, आणि मग बारापर्यंत रस्ता सरळ आहे.

"चूक नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मी चार पूर्णांक आठची कृती दिली होती."

आम्ही दोघांनी बाटलीकडे पाहिलं. केशरी, सीलबंद, साधीभोळी. कारखान्यात कुणीतरी, त्याच्या मागे, मूठभर जास्त ओतायला सांगितलं होतं. तीन दशांशांनी काय होतंय, असं त्या कुणाला तरी वाटलं असणार.

"नापास लिहावं लागेल, दादा."

मला वाटलं, तो वाद घालेल. त्याने खुर्ची पुढे ओढली.

"लिही. आणि मला लेखी दे. शिक्क्यासकट." त्याचे कान परत लाल होत होते. "तोंडी सांगितलं तर साहेब म्हणतील, याला तर काय सगळ्यातच चूक दिसते. प्रयोगशाळेचा कागद असला की मला कारखान्यात जाऊन ज्याने ओतलं त्याच्यासमोर ठेवता येईल. मंगळवारपर्यंत दुसरी खेप आणतो."

"मंगळवारी पास झाली तरच कँटीन उघडेल तुम्हाला. नाहीतर पहिल्या दिवशी तिथे पाणीच."

"पाणी चालेल. पाणी उत्तम पेय आहे." तो थांबला. "एक दशांशस्थळ नको लिहूस. दोन लिही. तीन वाचनांची सरासरी किती आली?"

"पाच पूर्णांक शून्य नऊ."

"मग तेच लिही," तो म्हणाला.

मी कागद ओढला, पाच पूर्णांक शून्य नऊ असं लिहिलं, त्यापुढे एकक लिहिलं, आणि शिक्क्याला शाई लावायला घेतली.